घरून नोकरी करणाऱ्याला ऑफिसवाल्याइतकाच हक्क मिळतो का? नियम काय सांगतो, वाचा सविस्तर

जळगाव/धुळे : 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पुण्या-मुंबईच्या कंपन्यांमधली खान्देशची पोरं-पोरी लॅपटॉप घेऊन गावी आली. पुढे कंपन्यांनी परत बोलावणं सुरू केलं. टीसीएसने ऑक्टोबर 2023 पासून पाचही दिवस ऑफिस सुरू केलं. 2024 मध्ये तर तिमाहीला मिळणारा जादा पगार हजेरीला जोडला. हजेरी 60 टक्क्यांच्या आत असेल तर तो मिळणार नाही, 85 टक्क्यांच्या वर असेल तर पूर्ण मिळणार. तरी यावल, अमळनेर, शिरपूर, साक्रीकडचे काही जण आजही घरूनच नोकरी करतात. त्यांना हे माहीत असावं.

घरून काम हा हक्क आहे का?
नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात सेवा क्षेत्रात घरून काम करता येतं, पण मालक आणि कामगार दोघांची संमती लागते. बाळंतपणाच्या रजेनंतर घरून काम करायचं असेल तरी तसंच. कंपनी नाही म्हणू शकते.

सारखं काय?
पीएफ, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा हे जिथे लागू आहे, तिथे घरी बसून काम करतो म्हणून तुटत नाही. नियुक्तीपत्र सगळ्यांनाच द्यावं लागतं. आयटी कंपन्यांना पगार 7 तारखेपर्यंत करावा लागतो. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात घरसुद्धा कामाची जागा धरलं आहे. त्यामुळे ऑनलाईन मीटिंगमध्ये कोणी वावगं वागलं, तर कंपनीच्या समितीकडे तक्रार करता येते.

फरक कुठे पडतो?
अपघात : ऑफिसला जाता-येता अपघात झाला आणि त्याचा कामाशी संबंध दिसला, तर तो नोकरीतला धरला जातो. घरी काम करताना काही झालं, तर ते कामामुळेच झालं हे दाखवणं अवघड जातं.

खर्च : ऑफिसात लाईट, एसी, नेट कंपनीचं. गावात मे महिन्यात 44 डिग्रीत डीपी जळाली, की इन्व्हर्टर अन् दुसरं सिम आपल्याच खिशातून.

वेळ : रात्री 10 ला फोन आला तर उचलायचा का? 'काम संपलं की फोन बंद' असा हक्क देणारं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झालेला नाही.

बढती : दृष्टीआड सृष्टी. साहेबाच्या समोर असणारा आधी आठवतो.

ऑफिसवाल्याचंही एक म्हणणं आहे. पुण्यात खोलीभाडं, मेस, ट्रॅफिक त्याच्या वाट्याला. ऐनवेळी धावाधावही त्यालाच. घरभाडं किंवा प्रवास भत्त्यात थोडा फरक ठेवला तर तो समजण्यासारखा आहे. पण काम तेवढंच केलं असेल, तर मूळ पगार अन् बढती कामावरच ठरायला हवी.

काय करावं?
तोंडी बोलण्यावर राहू नका. कामाचे तास, नेट-लाईटचा खर्च, लाईट गेल्यावर हजेरी कशी धरणार, बढती कशावर ठरणार, ऑफिसला बोलावण्याआधी किती दिवस कळवणार, या पाच गोष्टी ई-मेलवर लिहून घ्या. पुढे वाद झाला, तर तोच कागद कामाला येतो.