सूर घडवा, वायर जोडून!

बिदर-कलबुर्गी भागातल्या भजनी मंडळांत पेटीच्या शेजारी आता किबोर्डही दिसतो. एक बटण दाबले की बासरी, दुसरे दाबले की सनई. सोय मोठी आहे, पण तो आवाज कसा तयार झाला हे काही कळत नाही. आवाज मुळापासून घडवण्याचा आनंद घ्यायचा असेल, तर मॉड्युलर सिंथेसायझरशी ओळख करून घ्यावी.

हे एकसंध वाद्य नव्हे. यात सुटे भाग असतात. ऑसिलेटर आवाज निर्माण करतो, फिल्टर त्याची धार कमी-जास्त करतो, तिसरा भाग आवाजाची पातळी सांभाळतो. कोणता भाग कशाला जोडायचा हे आपण वायरने ठरवायचे. वायर बदलली की आवाज बदलला!

अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी 1960च्या दशकात असा सिंथेसायझर बनवला. 1969 मध्ये तो अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये आला. गीता साराभाई यांच्यासारख्या रागसंगीत जाणणाऱ्यांनी तिथे त्यावर रचना केल्या आणि त्या ध्वनिफिती 2023 मध्ये अल्बमच्या रूपाने लोकांसमोर आल्या. मात्र असे यंत्र संस्थेलाच परवडणारे होते.

आता चित्र बदलले आहे. जर्मनीतील टॅन्जिबल वेव्हज कंपनीची ‘एई मॉड्युलर’ ही पद्धत त्यातल्या त्यात स्वस्त आहे. भाग लहान, वीज पाच व्होल्टची आणि वायरी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ब्रेडबोर्डवर वापरतात तशा बारीक. तरीही परदेशातून मागवायचे म्हणजे खर्च आलाच. ज्यांना तो नको, त्यांच्यासाठी 2017 मध्ये आलेले ‘व्हीसीव्ही रॅक’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. त्यात पडद्यावर हेच भाग मांडून माऊसने वायरी जोडता येतात.

आमच्या घरी हेच सॉफ्टवेअर आहे. दोन ऑसिलेटर घेतले, एक ‘सा’वर आणि एक ‘प’वर लावला. दोन्ही फिल्टरमधून नेले आणि फिल्टर सावकाश उघडेल-मिटेल अशी एक मंद लहर त्याला जोडली. आवाज झंकारू लागला. शेजारी बसलेली मुलगी शाळेतल्या कन्नडमध्ये ओरडली, “अप्पा, तंबूरि बंतु!” मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी त्यात नाही, हे खरे. पण रोजच्या रियाजाला आधार म्हणून तो पुरतो.

खरी मौज पुढे आहे. या यंत्रात एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर जातो. किबोर्डवर त्या सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. म्हणून तिथे शुद्ध गंधार 0.333 व्होल्टवर येतो. तंबोऱ्याच्या तारेतून ऐकू येणारा गंधार मात्र 0.322च्या आसपास, म्हणजे किंचित उतरलेला असतो. पंचमात हा फरक नगण्य आहे, गंधारात तो कानाला जाणवतो. किबोर्डवर बसणाऱ्या मुलाला हा उतरलेला गंधार सहसा ऐकायलाच मिळत नाही. इथे बटण अगदी थोडे फिरवून तो स्वतः शोधता येतो. दरबारीचा कोमल गंधार, भैरवाचा कोमल रिषभ यांचीही जागा अशीच कानाने हुडकता येते.

गदग जिल्ह्यात जन्मलेल्या भीमसेन जोशींनी कन्नड दासपदे आणि मराठी अभंग दोन्ही गायले. भाषा दोन, पण श्रुती त्याच. आपल्या घरांतली मुले दोन्ही भाषा सहज बोलतात. त्यांचा कान या श्रुतींनाही तयार व्हायला हवा.

सुरुवात करणाऱ्यांनी दोन ऑसिलेटर, एक फिल्टर आणि एक स्पीकर एवढेच घ्यावे. रोज अर्धा तास पुरे. आधी ‘सा’ लावावा, मग मुलांना सांगावे, “आता यात पंचम शोध.” तो सापडला की दोन्ही सूर एकमेकांत मिसळतात आणि त्यांची थरथर थांबते. ती थांबली की मुलांना सांगावे लागत नाही, त्यांचे त्यांनाच कळते.