ठसका लागला तर ‘वर बघ’ म्हणू नका

२०१२ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. वर्षावासाचे दिवस होते. रविवारी सकाळी विहारात ग्रंथवाचन झाले, खीर वाटली आणि चार-दोन पाहुणे आमच्या घरी चहाला आले. सोलापुरात बुधवार पेठेतले आमचे घर म्हणजे दोन खोल्या. माणसे बसली की पाय ठेवायला जागा नाही. पाहुण्यांच्या मुलांपुढे पत्नीने ताटलीत भाजके शेंगदाणे ठेवले. आमची धाकटी मुलगी तेव्हा अकरा महिन्यांची, नुकती भिंतीला धरून उभी राहू लागलेली. पाहुण्यांचा पाच वर्षांचा मुलगा मोठ्या मायेने तिला एकेक दाणा भरवीत होता आणि आम्ही मोठी माणसे ते कौतुकाने पाहत होतो. ते कौतुक मला आजही टोचते.

एकदम तिला ठसका लागला. आधी ती खोकली, डोळ्यांतून पाणी आले. माझ्या आईने सवयीने तिच्या डोक्यावर हळूच टपल्या मारल्या, “वर बघ, वर बघ, चिमणी बघ” म्हणाली. कोणी टाळूवर फुंकर घातली, कोणी पाण्याची वाटी पुढे केली. मग खोकला थांबला आणि आम्हाला वाटले, बरे झाले. पण तोंड उघडे होते, बरगड्या आत ओढल्या जात होत्या आणि आवाज मात्र कसलाच नव्हता. ओठ जांभळे पडू लागले. मी तिला उचलले आणि दाराबाहेर पळालो. कुठे पळत होतो ते माझे मलाच ठाऊक नव्हते. पत्नी मागून अनवाणी. मी बी.कॉम. झालेला, कचेरीत रोज ढीगभर कागद निकालात काढणारा माणूस. पण त्या घटकेला मला एकही गोष्ट सुचली नाही.

शेजारच्या मावशी नळावर पाणी भरत होत्या. शाळा चौथीपर्यंत, पण रुग्णालयात आया म्हणून त्यांनी बरीच वर्षे काढलेली. त्यांनी घागर तिथेच टाकली, मुलगी माझ्या हातून हिसकावून घेतली, ओट्यावर बसल्या आणि तिला मांडीवर पालथी घातली. डोके खाली, जबडा एका हातात धरलेला. दुसऱ्या हाताच्या तळव्याने पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधोमध त्यांनी फटके मारले. चौथ्या फटक्याला लाळेबरोबर शेंगदाण्याचा तुकडा खाली पडला आणि मुलगी मोठ्याने रडली. तिच्याबरोबर आम्हीही रडलो.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण पुढचे तीन आठवडे आम्ही जे केले, तेही सांगितले पाहिजे.

दुसऱ्या दिवसापासून तिला खोकला सुरू झाला. रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज येई. एका दवाखान्यात नेले, औषधाची बाटली मिळाली. आठ दिवसांनी दुसरी बाटली, मग ताप आल्यावर तिसरी. डॉक्टरांनी ठसक्याबद्दल विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही, कारण आमच्या लेखी तो विषय मिटला होता. शेवटी एका बालरोगतज्ज्ञाकडे गेलो. त्यांनी दोन्ही बाजूंना नळी लावून पुष्कळ वेळ ऐकले आणि पहिला प्रश्न केला, “हिला मध्यंतरी काही खाताना ठसका लागला होता का?” उजव्या बाजूला हवा कमी जात होती. एक्स-रे काढला. त्यात शेंगदाणा काही दिसला नाही. तो दिसतही नाही. पण उजवे फुप्फुस फुगलेले दिसले, कारण अडकलेल्या दाण्याच्या कडेने हवा आत जात होती आणि बाहेर पडत नव्हती. मोठ्या रुग्णालयात भूल देऊन, तोंडातून दुर्बीण घालून डॉक्टरांनी अर्धा दाणा बाहेर काढला. म्हणजे मावशींनी पाडला तो एक तुकडा होता. दुसरा आत उतरून बसला होता.

श्वासनळीला खाली दोन फाटे फुटतात. मोठ्या माणसाचा उजवा फाटा अधिक रुंद आणि सरळ असतो, म्हणून वस्तू बहुधा तिकडे घसरते. लहान मुलांत डावीकडेही जाते. शेंगदाणा ओलाव्याने फुगतो आणि त्याच्या तेलाने नळीला आतून सूज येते. बाळाला समोरचे दात आले म्हणून आपण दाणा देतो, पण समोरच्या दातांनी दाण्याचे फक्त तुकडे होतात. तो दळला जातो दाढांनी, आणि दाढा उशिरा येतात. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे डॉ. शेव्हालिए जॅक्सन हे सर्जन होऊन गेले. लोकांनी गिळलेल्या किंवा श्वासात ओढलेल्या, नंतर बाहेर काढलेल्या २,३७४ वस्तू त्यांनी जपून ठेवल्या. त्या तिथल्या म्युटर संग्रहालयात आहेत. लहान मुलांना शेंगदाणे देऊ नका, असे ते आईबापांना वारंवार बजावत. दुर्बिणीने श्वासनळीतून वस्तू काढण्याचा पहिला प्रयोग त्याआधी, १८९७ साली, जर्मनीत डॉ. गुस्ताव किलियान यांनी केला होता. म्हणजे विद्या सव्वाशे वर्षांची आहे. आमच्या ओट्यावर ती मावशींपुरतीच पोचली होती.

आता कामाचे. मूल जोरात खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्या. हवा आत-बाहेर जाते आहे, त्याचा खोकला आपल्या फटक्यापेक्षा जास्त काम करतो. पाणी पाजू नका. तोंडात बोट घालून चाचपू नका, त्याने वस्तू आणखी आत जाते. डोळ्यांना स्पष्ट दिसली तरच काढा. आणि ‘वर बघ’ तर नकोच. डोके खाली पाहिजे, तिथे आपण ते वर करतो.

मूल गप्प झाले, रडता येईना, रंग बदलू लागला की थांबायचे नाही. एक वर्षाच्या आतले बाळ असेल तर आपल्या हातावर पालथे घ्यायचे, हात मांडीला टेकवायचा, डोके छातीपेक्षा खाली, जबड्याला आधार, गळ्यावर दाब नको. पाठीवर मधोमध पाच जोरदार फटके, मनगटाजवळच्या तळव्याने. नाही निघाले तर बाळाला उताणे करून, डोके खालीच ठेवून, छातीच्या मधल्या हाडावर खालच्या अर्ध्या भागात पाच वेळा दाबायचे. पूर्वी दोन बोटांनी दाबायला शिकवीत. २०२५ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने दाबा असे सांगितले आहे. पुन्हा पाच फटके, पुन्हा पाच दाब, वस्तू निघेपर्यंत किंवा बाळ रडेपर्यंत. सिनेमात दाखवतात तसे पोट दाबणे, जे डॉ. हाइमलिख यांनी १९७४ साली सांगितले, ते एक वर्षाच्या आतल्या बाळाला करायचे नाही. त्याचे यकृत त्या दाबाने फाटू शकते. वर्षापुढच्या मुलाला आधी पाठीवर पाच फटके, मग पोटावर पाच दाब. मूल निपचित पडले तर छाती दाबणे आणि तोंडाने श्वास देणे सुरू करायचे. हे शेवटचे मात्र वाचून येत नाही, कोणा जाणत्याकडून शिकून घ्यावे.

एकाने हे करायचे, दुसऱ्याने १०८ ला फोन. आमच्या वेळी ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात नव्हती. २०१४ साली सुरू झाली. पैसे पडत नाहीत.

आणि मूल हसू-खेळू लागले तरी दवाखान्यात दाखवायचेच. तिथे पहिले वाक्य, “डॉक्टर, हिला दाणा अडकला होता.” दुर्बिणीचा खर्च ऐकून घाबरून परत फिरू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसते का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारा.

आपल्या बायका म्हणतात, आम्हा अडाण्यांना हे कसे जमणार? त्यांना मी गडचिरोलीचे सांगतो. तिथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ च्या सुमारास गावातल्या माणसांना आणि सुईणींना मुलांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवले. खूण साधी होती. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला पन्नास किंवा जास्त झाला की धोका. पण पुष्कळ सुईणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते. तेव्हा एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधन केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. न्यूमोनियाने होणारे मुलांचे मृत्यू तिथे जवळपास निम्म्यावर आले आणि तो अहवाल १९९० साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दहापर्यंत मोजणाऱ्या बायांनी हे केले. आपल्याला तर पाचपर्यंतच मोजायचे आहे.

सोलापुरात शेंगा टाळता येणार नाहीत, टाळायचे कारणही नाही. शेंगाची चटणी उखळात बारीक कुटून होते, दाण्याचा कूट आमटीत जातो, ते चालते. पण अख्खा दाणा, फुटाणा, बोराची आणि सीताफळाची बी, चिंचोका हे पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती नको. विडीची सुपे घेऊन बसणाऱ्या, शिलाई करणाऱ्या भगिनींनी बटणे, मणी, सेफ्टी पिना वर ठेवाव्यात. घड्याळातले गोल सेल तर फारच वाईट. पोटात किंवा नळीत अडकले तर आतून जाळतात. आणि घरात पाच-सहा वर्षांचे भावंड असेल तर त्यालाही सांगावे, ‘बाळाला भरवताना आईला विचार.’ आम्ही त्या मुलाला कधी दोष दिला नाही.

माझी मुलगी आता हायस्कूलला आहे. मागच्या वर्षावासात ग्रंथवाचनानंतर आम्ही अर्धा तास हाच विषय घेतला. बाहुली नव्हती, म्हणून पंचा गुंडाळून त्याचे बाळ केले. बायका पुढे आल्या, पुरुष दाराशी उभे राहून हसत होते, म्हणून त्यांनाही एकेकाला बसवले. एक जण पंच्याला गोंजारल्यासारखे थोपटू लागला. मावशींना आता डोळ्यांनी कमी दिसते, पण आवाजावरून कळते. त्या कोपऱ्यातून म्हणाल्या, “अरे, झोपवतोस का त्याला? मार की जरा.”