स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन : निर्णयात बाई कुठे आहे?

आपले कार्यकर्ते पेशंटसाठी खूप धावतात. रक्ताची सोय करतात, रेशनकार्डाच्या झेरॉक्स काढतात, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केस बसवतात. पण ज्या बाईच्या शरीरावर ऑपरेशन होणार, तिला काय हवे आहे हे अनेकदा कोणीच विचारत नाही. डॉक्टर नवऱ्याशी बोलतात, नवरा मोठ्या भावाशी बोलतो आणि बाई बाहेर बाकड्यावर बसून राहते. शेवटी तिच्यापुढे येतो तो सहीचा कागद.

कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यात सापडला तर बहुतेक वेळा दोन मार्ग असतात. पूर्ण स्तन काढणे, किंवा फक्त गाठ व भोवतालचा थोडा भाग काढून स्तन राखणे आणि नंतर रेडिएशन, म्हणजे लोक ज्याला ‘शेक’ म्हणतात तो घेणे.

‘सगळेच काढून टाका, कटकट संपली’ असे घरचे म्हणतात. ही भीती स्वाभाविक आहे, पण पुरावा वेगळे सांगतो. अमेरिकेत डॉ. बर्नार्ड फिशर यांच्या पथकाने १,८५१ स्त्रियांची वीस वर्षांची माहिती तपासली. इटलीत मिलान येथे डॉ. उंबेर्तो वेरोनेसी यांनी ७०१ स्त्रियांवर असाच अभ्यास केला. दोन्हींचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही मार्गांनी गेलेल्या स्त्रियांच्या जगण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. मात्र राखलेल्या स्तनात गाठ परत येऊ शकते. फिशर यांच्या अभ्यासात शेक घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे १४ टक्के, न घेतलेल्यांत ३९ टक्के होते. म्हणून स्तन राखायचा तर शेक साधारणपणे टाळता येत नाही.

आता प्रश्न डॉक्टरांच्या ज्ञानापुरता राहत नाही. शेक आठवड्यातले पाच दिवस, साधारण तीन ते पाच आठवडे चालतो. वाशिम-नंदुरबारच्या खेड्यातील मजूर बाईने तेवढे दिवस शहरात कुठे राहायचे? मजुरी बुडेल, मुले कोणाकडे ठेवायची? एखादी म्हणेल, पूर्ण काढा, मला परत कामावर जायचे आहे. दुसरी म्हणेल, मी शहरात राहीन, पण माझा स्तन राखा. माहिती घेऊन ठरवले असेल तर दोघीही बरोबर आहेत. फक्त पहिलीने एक विचारून घ्यावे : काही वेळा पूर्ण स्तन काढल्यावरही शेक लागतो. माझ्या बाबतीत लागेल का?

काही ठिकाणी निवडीला वाव कमी असतो. स्तनात अनेक ठिकाणी रोग पसरलेला असेल, गाठ स्तनाच्या मानाने मोठी असेल, किंवा त्या जागी आधी शेक झाला असेल, तर सर्जन पूर्ण स्तन काढण्याचा सल्ला देऊ शकतात. मोठी गाठ आधी केमो देऊन लहान करता येते का, हेही विचारता येते. असे विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे. वर्षावासात आपण कालाम सुत्तावर प्रवचन ऐकतो आणि डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरताच ते विसरतो!

कायदाही बाईच्याच बाजूने आहे. समीरा कोहली खटल्यात तपासणीसाठी बेशुद्ध केलेल्या स्त्रीचे गर्भाशय व अंडाशय आईच्या संमतीवर काढले गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले की, सज्ञान व निर्णयक्षम रुग्णाच्या जागी आईची संमती चालत नाही. जीव वाचवण्याची तातडी असेल तरच अपवाद. जे आईला लागू, ते नवऱ्यालाही लागू.

तेव्हा सोबत जाणाऱ्या कार्यकर्त्याने एवढे करावे : बाईला आत घेऊन जावे, खुर्चीवर तिला बसवावे आणि डॉक्टरांना तिच्या भाषेत सांगायला विनंती करावी. मध्येच तिच्या वतीने उत्तर देऊ नये (ही सवय आपल्यातही आहे). लगेच सही करायचा आग्रह झाला तर विचारावे, आठ दिवस थांबलो तर चालेल का? सहसा चालते, महिने मात्र घालवू नयेत. बायोप्सी रिपोर्टची प्रत मागून घ्यावी. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत रिपोर्टची प्रत आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत, या दोन्हींचा समावेश आहे.