गिटारचा रियाज आणि मनगटातला बोगदा

रात्रीचे साडेअकरा. घरातले सगळे झोपलेले. मोबाइल स्टँडवर लावलेला, आणि गिटारवरचा तोच दीड मिनिटाचा तुकडा विसाव्यांदा सुरू होतो. उद्यापर्यंत व्हिडिओ गेला नाही तर आठवडा हुकणार. क्लासिकल गिटार शिकणाऱ्या प्रौढांच्या घरी हे दृश्य आता नवे नाही. याला म्हणतात ऑनलाइन चॅलेंज. ठिकठिकाणचे शिकणारे मिळून ठरवतात, की दर आठवड्याला एक ‘एट्यूड’ बसवायचा आणि त्याचे चित्रण करून एकमेकांना ऐकवायचे.

एट्यूड म्हणजे एखादे तंत्र घोटून घेण्यासाठी केलेली छोटी रचना. काम पलट्यांचे, पण ऐकायला आख्खे गाणे. इटलीत जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये स्थिरावलेल्या मात्तेओ कारकास्सी यांचा 25 एट्यूडांचा संग्रह अशा उपक्रमाला सोयीचा. आठवड्याला एक धरला तर सहा महिन्यांत संपतो. निदान कागदावर.

कल्पना चांगलीच आहे. चाळिशीनंतर वाद्य हाती घेणारा माणूस बहुधा एकटा पडतो आणि दुसऱ्या महिन्यात गिटार कपाटावर जाते. सोबत असली की ती खाली उतरते. 1898 मध्ये अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेट यांनी मुलांना मासेमारीची रिळे फिरवायला दिली, तेव्हा शेजारी दुसरे मूल असताना बऱ्याच मुलांचा वेग वाढला. पुढे 1965 मध्ये रॉबर्ट झायन्स यांनी त्यात महत्त्वाची भर घातली. कोणी पाहत असेल तर मुरलेले काम सुधारते, कच्चे मात्र बिघडते. एकटे असताना जमणारी ओळ कॅमेरा सुरू होताच चुकते, ती यामुळेच. मग माणूस पुन्हा वाजवतो. पुन्हा चुकतो. रोजचा अर्ध्या तासाचा रियाज त्या एका रात्री दोन तासांवर जातो, आणि हाताचे दुखणे बहुतेक वेळा इथून सुरू होते.

हाताची रचना समजून घेतली तर कारण कळते. बोट वाकवणारे ताकदीचे स्नायू बोटात नसतातच, ते कोपराखाली असतात. तिथून निघालेल्या दोऱ्या, म्हणजे टेंडन, मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून बोटांपर्यंत जातात. अशा नऊ दोऱ्या आणि त्यांच्यासोबत ‘मीडियन’ नावाची नस. मनगट जास्त वाकले की बोगद्यातला दाब वाढतो. डाव्या हाताने बॅरे धरताना, म्हणजे तर्जनी सगळ्या तारांवर आडवी दाबताना, नवशिक्या नेमके तेच करतो आणि वर अंगठ्याने मानही आवळतो. बोट पडद्याच्या अगदी लगत ठेवले तर कितीतरी कमी जोरात स्वर स्वच्छ येतो.

उजव्या हाताची अडचण वेगळी. तळहात टेबलावर ठेवा, मधले बोट दुमडून तळव्याखाली घ्या आणि अनामिका उचलून पाहा. जवळजवळ उचलतच नाही. हाताच्या पाठीवर या बोटांच्या दोऱ्या एकमेकींना पट्ट्यांनी जोडलेल्या असतात. अनामिका मंद असणे हा आळस नव्हे, ती शरीररचना आहे. तिला सात दिवसांची मुदत घालून उपयोग नाही.

शिवाय स्नायू सरावाला लवकर तयार होतात, टेंडनना जास्त वेळ लागतो. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ‘आता जमतंय’ असे वाटून वेळ वाढवला जातो, तोच काळ धोक्याचा. वीस-पंचवीस मिनिटांच्या दोन बैठका एका सलग तासापेक्षा बऱ्या. जुल्यानी यांच्या 1812 मधल्या 120 व्यायामांत डाव्या हाताला दोनच सोपे कॉर्ड दिलेले आहेत. डावा हात दमला असेल त्या दिवशी ते कामाला येतात.

आणि झोप. 2002 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी लोकांना कमी सवयीच्या हाताने कळांचा एक ठरावीक क्रम दाबायला शिकवला. रात्रीच्या झोपेनंतर, मध्ये काहीही सराव न करता, त्यांचा वेग सुमारे 20 टक्क्यांनी वाढला. मध्यरात्रीपर्यंत व्हिडिओसाठी झटणारा माणूस हाच फायदा गमावतो.

क्वचित एक वेगळाच विकार दिसतो. वेदना काहीच नाही, पण वाजवायला घेतले की एखादे बोट आपोआप आत वळते. हा फोकल डिस्टोनिया, व्यावसायिक वादकांत साधारण शंभरात एकाला होणारा. अमेरिकी गिटारवादक डेव्हिड लाइसनर यांची त्यामुळे काही वर्षे गेली, नंतर ते परतले. बोटाला जबरदस्ती करून जास्त रियाज केला तर हा विकार वाढतो.

साध्या थकव्याचे दुखणे एक-दोन दिवसांच्या विश्रांतीने जाते. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात मुंग्या येत असतील, त्यामुळे रात्री जाग येत असेल किंवा कप हातातून निसटत असेल, तर तो आठवडा सोडून द्यावा आणि डॉक्टरांना दाखवावे. जाताना गिटार बरोबर न्यावी आणि तपासणीच्या खोलीत ती दोन मिनिटे वाजवून दाखवावी. डॉक्टर थोडे चकित होतील, पण मनगट किती वाकते ते त्यांना तेव्हाच दिसेल.