अलेशियाचा वेढा

इ. स. पूर्व ५२ मध्ये गॉल देशात, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, एक असा वेढा पडला की ज्यात वेढा घालणारेच वेढले गेले. डोंगरी किल्ल्यांच्या हकिकती वाचलेल्या वाचकांनाही हा प्रकार विलक्षण वाटेल.

इ. स. पूर्व ५८ पासून ज्युलियस सीझर गॉल जिंकीत चालला होता. गॉल लोक शूर खरे, परंतु त्यांच्या टोळ्यांत एकी नव्हती. आर्व्हर्नी टोळीतील व्हर्सिंजेटोरिक्स नावाच्या तरुण सरदाराने त्यांतील बहुतेकांना एकत्र आणले. समोरासमोर लढण्यापेक्षा शत्रूची रसद तोडावी, प्रसंगी आपलीच गावे जाळावीत, हे त्याचे धोरण होते. गर्गोव्हिया येथे त्याने रोमनांना माघार घ्यावयास लावली. पुढे मात्र घोडदळाच्या लढाईत मार खाऊन तो अलेशियाच्या टेकडीवर आश्रयास गेला. सीझर लिहितो की, त्याच्यापाशी ८०,००० माणसे होती.

टेकडी चढून हल्ला करणे व्यर्थ, हे पाहून सीझरने तलवारीपेक्षा कुदळीवर भिस्त ठेवली. टेकडीभोवती सुमारे १६ किलोमीटर लांबीचा तट उभा राहिला. पुढे खंदक, वर दर ८० फुटांवर बुरूज. तटाबाहेर जमिनीत खड्डे खणून त्यांत मांडीएवढे जाड, टोके तासून आगीत कडक केलेले खुंट रोवले. खुंटांची टोके जमिनीवर चार बोटेच राहत आणि वरून काटक्या-पाला पसरलेला असे. हे खड्डे फुलासारखे दिसतात म्हणून सैनिक त्यांना ‘लिली’ म्हणत! सैनिकांची थट्टा ही अशी असते. नंतर बाहेरून गॉलांची कुमक येणार असे कळताच सीझरने बाहेर तोंड केलेला सुमारे २१ किलोमीटरचा दुसरा तट बांधला. दोन तटांच्या मधल्या पट्ट्यात रोमन सैन्य राहिले.

इकडे गडावर दाणागोटा संपत आला. गॉल सरदारांनी लढण्यास निरुपयोगी अशा माणसांना बाहेर काढले. त्यांत अलेशियाचेच मूळ रहिवासी, मांडुबी लोक, बायकामुलांसह होते. ते रोमन तटापाशी आले, आम्हांला गुलाम करा पण अन्न द्या, असे रडून विनवू लागले. सीझरने तटावर पहारे बसविले व त्यांना आत घेऊ दिले नाही. पुढे त्यांचे काय झाले हे तो लिहीत नाही. दुसऱ्या एका प्राचीन इतिहासकाराने, डिओ कॅसियसने, ते सारे मेले असे नोंदविले आहे. दोन्ही पक्षांच्या शौर्याची वर्णने वाचताना हा प्रसंग डोळ्यांआड होता कामा नये, असे मला वाटते.

अखेर कुमक आली. अडीच लाख पायदळ व ८,००० स्वार, असा सीझरचा आकडा. तो फुगविलेला असावा, असे आजचे अभ्यासक मानतात. जेत्यानेच लिहिलेला इतिहास जपून वाचावा लागतो. तथापि तटाखंदकांविषयी तो निव्वळ बढाई मारीत नव्हता. तिसऱ्या नेपोलियनने १८६१ ते १८६५ या काळात करविलेल्या उत्खननात खंदकांच्या खुणा मिळाल्या, आणि १९९० नंतरच्या उत्खननांनी त्यांना पुष्टी दिली.

शेवटच्या दिवशी गॉलांनी आतून व बाहेरून एकदम हल्ला चढविला. उत्तरेकडील टेकडी मोठी असल्याने तटात घेता आली नव्हती, तेथील रोमन छावणी उतारावर होती. घाव तेथेच पडला. सीझरने लाबिएनस या सेनानीस तिकडे पाठविले व मागाहून तो स्वतः धावला. त्याच्या झग्याच्या रंगावरून दोन्ही सैन्यांनी त्याला ओळखले. इतक्यात रोमन घोडदळ वळसा घालून गॉलांच्या पाठीवर प्रकटले आणि कुमकेची दाणादाण झाली.

दुसऱ्या दिवशी व्हर्सिंजेटोरिक्स शरण आला. सीझर हा प्रसंग दोन-तीन शब्दांत उरकतो. प्लुटार्क मात्र सांगतो की, तो सजविलेल्या घोड्यावरून आला, सीझरभोवती फेरी घालून उतरला, शस्त्रे टाकली आणि त्याच्या पायाशी मूकपणे बसला. सहा वर्षे तो कैदेत होता. इ. स. पूर्व ४६ मध्ये सीझरच्या विजययात्रेत त्याला रोमच्या रस्त्यांतून मिरविण्यात आले आणि नंतर ठार करण्यात आले.