टोपीतला ठिपका

2 फेब्रुवारी 2014. न्यू जर्सीच्या मेटलाइफ स्टेडियममध्ये अमेरिकन फुटबॉलच्या सुपर बोल सामन्याचं मध्यंतर, प्रायोजक पेप्सी, रंगमंचावर गायक ब्रूनो मार्स. पण कॅमेरा वारंवार वळत होता तो प्रेक्षकांकडे. प्रत्येकाच्या डोक्यावरच्या काळ्या विणलेल्या टोपीत एलईडी दिवे होते आणि गॅलऱ्यांचा मिळून एक प्रचंड पडदा झाला होता. ही करामत माँट्रियलच्या पिक्समॉब कंपनीची.

कोण कुठे बसलंय, हे टोपीला कसं कळायचं? कळतच नाही, आणि खरी हुशारी तिथंच आहे. टीव्हीच्या रिमोटमधून निघतात तसेच डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण उंचावरच्या प्रक्षेपकांतून गॅलरीवर सोडतात. जिथे जो संकेत पडेल, तिथल्या टोपीतला संवेदक तो वाचतो आणि त्याप्रमाणे दिवा लावतो. तुम्ही जागा बदलली तर नव्या जागेचा ठिपका व्हाल. हजारो टोप्यांची आसनवार नोंद ठेवायची कटकटच नाही. अडचण एकच: किरण अडला की दिवा मुका. म्हणून टोपी घालायलाच हवी, खिशात कोंबून चालत नाही. थंडीच्या दिवसांत, उघड्या मैदानात टोपी कोण काढणार? आयोजकांच्या या हिशेबाला मी तंत्रज्ञानाइतकीच दाद देईन.

जानेवारी 2025 मध्ये नवी मुंबईत कोल्डप्ले बँडच्या कार्यक्रमाला गेलेल्यांच्या मनगटावर असेच पट्टे चमकले. ते मात्र जाताना परत द्यायचे होते.