नागाचा पत्ता

टपालखाते पत्ता खालून वर वाचते: जिल्हा, तालुका, गाव, मग माणूस. जीवसृष्टीची अशीच मांडणी स्वीडनच्या लिनीअसने १७३५ साली प्रसिद्ध केली. पुढे तीत भर पडली. आज पायऱ्या अशा: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. जितके खाली यावे, तितके नाते जवळचे.

नाग नि मण्यार दिसायला निराळे, पण कुल एकच. दोघांच्याही विषाने श्वास बंद पडतो. घोणशीचे कुल दुसरे. तिच्या विषाने रक्त गोठेनासे होते. आपण नाग समजून मारतो ती धामण तिसऱ्याच कुलातली, बिनविषारी, शेतातले उंदीर खाणारी!

मात्र साप चावलाच, तर कुल शोधत बसू नका. तडक दवाखाना गाठा.